‘पुढे काय झाले?’



‘बनगरवाडी’ वाचून संपवली की मनात पहिला प्रश्न येतो तो हाच. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा दुसरा भाग मात्र आला नाही. दुष्काळात मेंढरे आणि माणसे पांगतात, मास्तरही वाडी सोडतो. या शेवटावर ‘अपूर्ण’ असा शेरा उत्तरपत्रिकांत वारंवार आढळतो. तो मला मान्य नाही.

शिरूर-दौंड भागातील आपणांपैकी अनेकांनी शेतात बसलेली मेंढरे पाहिली असतील. वाडा एके सकाळी उठतो. राहतात त्या विझलेल्या चुली आणि लेंड्या. मागे राहिलेल्याला एवढेच दिसते. मास्तराला तरी याहून अधिक कसे दिसावे? कादंबरीचा निवेदक तोच आहे, आणि त्याची नजर वाडीपुरती आहे.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू’ (२०१०) ची गोष्ट वेगळी. ती चतुष्टयातील पहिली कादंबरी म्हणूनच जाहीर झाली. तेथील प्रतीक्षा लेखकाने स्वतः निर्माण केलेली आहे. तेथे वाचकाने पुढचा भाग मागणे रास्तच.

माडगूळकरांचे निवेदन प्रमाण मराठीत आहे, पात्रांचे संवाद माणदेशी बोलीत. मास्तर निघून गेल्यावर पुढची हकीकत सांगणार कोण? वाडीतलाच एखादा मेंढका. म्हणजे निवेदनाची भाषाही बदलणार.

मास्तर गेल्यानंतरचे एक पान त्या मेंढक्याच्या तोंडून लिहून पाहावे. मराठी कोणती वापरणार, ते आधी ठरवावे.