परतीची वाट ठेवा, मग निवडायला सांगा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. शिक्षण आयुक्त, पुणे,
आणि या राज्यातल्या मुलांना ऑनलाइन शाळेत प्रवेश देणारे सर्व संस्थाचालक



नवं शैक्षणिक वर्ष जवळ आलं की पालकांच्या मोबाइलवर ऑनलाइन शाळांच्या जाहिराती यायला लागतात. बसभाडं नाही, दप्तराचं ओझं नाही, वर्गात मोजकीच मुलं, शिवाय मूल डोळ्यांसमोर. एकदा नंबर दिला की समुपदेशकाचा फोन येतो. मूल कसं आहे हे तो फारसं विचारत नाही, आज प्रवेश घेतला तर किती सवलत मिळेल हे मात्र दोनदा सांगतो. मग पालक आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांकडे येतात आणि विचारतात, "बाई, आमच्या मुलाला हे जमेल का?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मुलागणिक वेगळं आहे. पण ते शोधायला लागणारी माहिती पालकांकडे नाही, तुमच्याकडे आहे. आणि निवड चुकली तर मागे फिरायची वाट उघडी ठेवणं हेही तुमच्याच हातात आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

ऑनलाइन शाळेला माझा सरसकट विरोध नाही. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी गावाहून येऊन महिनोन्‌महिने मुंबईत राहणारं मूल, वर्गातल्या छळामुळे सकाळी उठल्यापासून जिचं पोट दुखतं अशी मुलगी, वर्षातला बराच काळ बुद्धिबळाच्या स्पर्धांसाठी बाहेरगावी असणारा मुलगा, यांना पडद्यावरचा वर्ग खरा आधार देऊ शकतो. कायद्यानंही ही गरज ओळखली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं शिक्षण हक्क कायद्यात तीव्र आणि बहुविकलांगता असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला.

दूरस्थ शाळा नीट चालवल्याचं उदाहरणही आहे. ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जहून १९५१ साली रेडिओवरची शाळा सुरू झाली. रानावनात शेकडो किलोमीटरवर विखुरलेल्या पशुपालकांच्या मुलांसाठी ती होती. आज ती इंटरनेटवरून भरते. पण तिथे प्रत्येक मुलाशेजारी घरचं एक मोठं माणूस बसतं, बहुतेकदा आई, नाहीतर त्यासाठीच नेमलेली व्यक्ती. शिक्षक पडद्यावर थोडा वेळ असतात, उरलेली शाळा हे शेजारचं माणूस चालवतं. आपल्याकडच्या जाहिराती नेमकं उलट सांगतात: पालकांनी निर्धास्त कामावर जावं.

पूर्णवेळ ऑनलाइन शाळेत मुलांच्या शिकण्याचं काय होतं, तेही मोजलं गेलं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'क्रेडो' केंद्रानं २०१५ साली पूर्णवेळ ऑनलाइन चार्टर शाळांतल्या (म्हणजे सरकारी पैशावर स्वतंत्र संस्था चालवतात त्या शाळांतल्या) मुलांची तुलना नेहमीच्या शाळांतल्या तशाच मुलांशी केली. १८० दिवसांच्या शालेय वर्षात ऑनलाइन मुलं सरासरीनं वाचनात ७२ दिवस आणि गणितात १८० दिवस मागे पडली. म्हणजे गणितापुरतं अख्खं वर्ष वाया.

आपल्या २०२०-२१ च्या कोरोनाकाळातल्या अनुभवावरून ऑनलाइन शाळेला नापास करणं योग्य नाही. ती निवड नव्हती. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत व्हॉट्सॲपवर अभ्यास आला तेव्हा कित्येक घरांत एका फोनवर तीन भावंडं होती. तरीही त्यातून एक धडा मिळाला. देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्के झाली, असं 'असर'च्या पाहणीत दिसलं. वाचायला शिकायच्या वयात समोर माणूस लागतं. बोट ओळीवर फिरवणारं, मूल अडखळलं की थांबणारं.

म्हणून मी पालकांना आधी मुलाचं वय विचारते, मग घर विचारते. दिवसभर घरी कोण असतं? आजी असेल तर ती शेजारी बसेल का, की नुसतं जेवायला हाक मारेल? मग मुलाबद्दल विचारते. कोणी पाहत नसताना ते लिहायचं काम पुरं करतं का? अडलं तर विचारतं का, की कॅमेरा बंद करून गप्प बसतं? आणि शेवटी कारण विचारते. मूल कशाकडे तरी निघालं आहे, की फक्त कशापासून पळतं आहे? पळत असेल तर ज्या गोष्टीपासून पळतं ती आधी सोडवायला हवी. कधी ती गणिताची भीती असते, कधी मागच्या बाकावरचा एक मुलगा. शाळा बदलून मुलगा टळेल, गणित टळणार नाही.

मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारते, आणि ती बहुतेकांना बोचते. सकाळी अकरा वाजता दारात पोस्टमन आला, धाकटा रडायला लागला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तर उठणार कोण? मुलगी घरात असली की ती शाळेत आहे हे घर विसरतं. शाळेच्या फाटकातून आत गेलेल्या मुलीला निदान पाच-सहा तास कोणी भांडी घासायला बोलावत नाही.

पालकांनी एवढा विचार केला तरी पुढचे प्रश्न त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. मान्यतेसाठी अनुसूचीत इमारत, स्वच्छतागृह, मैदान, पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास असं सगळं लिहिलेलं आहे. पडद्यावरच्या शाळेला मैदान कुठून येणार? मग ती शाळा आहे, शिकवणी आहे की कंपनी? शाळा असेल तर २०११ चा शुल्क विनियमन कायदा तिला लागू करा. शिकवणी असेल तर 'इयत्ता सहावीत प्रवेश' अशी जाहिरात तिला करू देऊ नका.

परीक्षेचे मार्ग आहेत, हे मला माहीत आहे. केंद्राची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा घेतं. खासगीरीत्या दहावीला बसणाऱ्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म तर पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. पण 'आमच्या शाळेत प्रवेश घ्या' म्हणणारी संस्था यातल्या कोणत्या वाटेनं मुलाला दहावीपर्यंत नेणार, हे प्रवेशाच्या वेळी पालकांना कोण सांगतं? दिल्ली सरकारनं २०२२ मध्ये स्वतःची व्हर्च्युअल शाळा काढली, ती नववी ते बारावीसाठी. सरकारनं नववीपासून सुरू केलेली गोष्ट खासगी संस्था पहिलीपासून विकत असतील, तर त्याबद्दल राज्याचं काहीतरी म्हणणं असायला हवं.

तासांचंही तसंच. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचनांनी पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सुचवली होती. पूर्णवेळ ऑनलाइन शाळेतल्या चौथीच्या मुलानं पडद्यासमोर किती तास बसावं, हे आज कोण ठरवतं?

आता मुख्य मुद्दा. ऑनलाइन शाळा मुलाला मानवते की नाही, हे आधी कोणालाच नक्की सांगता येत नाही. ना पालकाला, ना समुपदेशकाला, ना मला. ते काही महिने करून पाहिल्यावरच कळतं. पण करून पाहायला मागे फिरता यावं लागतं, आणि आज बाहेर पडणं जितकं सोपं आहे तितकंच परत येणं अवघड आहे. खासगी शाळेतली जागा गेलेली असते. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागेवर प्रवेश मिळालेल्या मुलाची जागा तर कायमचीच जाते, कारण तो प्रवेश शाळेच्या पहिल्या वर्गातच मिळतो. कंपनीनं दिलेला रंगीत कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर दाखला ठरत नाही. वयानुरूप वर्गात प्रवेश, मागे पडलेल्यासाठी विशेष प्रशिक्षण, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवू नये, हे सगळं शिक्षण हक्क कायद्यात आहे. पण हे किती पालकांना माहीत आहे? आणि आठवीनंतर तर त्या कायद्याचं छत्रच संपतं. परत येता येणार नाही या धास्तीनं मुलं न मानवणाऱ्या शाळेत वर्ष काढतात, आणि पालक फी भरली म्हणून सगळं ठीक असल्याचं स्वतःला समजावत राहतात.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली: पूर्णवेळ ऑनलाइन जाणाऱ्या मुलाची आधीच्या शाळेतली जागा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत राखून ठेवा. राखीव जागेवरच्या मुलाचीही. पहिलं सत्र हीच कसोटी. सुट्टीनंतर मूल परतलं तर त्याच वर्गात, त्याच बाकावर. संस्थाचालकांनीही त्या वेळी दुसऱ्या सत्राची फी विनातक्रार परत करावी.

दुसरी: राज्यातल्या मुलांना प्रवेश देणाऱ्या प्रत्येक ऑनलाइन संस्थेची यादी आयुक्त कार्यालयानं प्रसिद्ध करावी. कोणाची मान्यता, कोणत्या मंडळाची परीक्षा, मुलाचं नाव कोणत्या पटावर, हे तिच्यात साध्या मराठीत असावं.

तिसरी: चौथीपर्यंत पूर्णवेळ ऑनलाइन शाळा आजारपण, विकलांगता अशा कारणांपुरतीच ठेवा.

चौथी: ऑनलाइन शिकणाऱ्या मुलाची वर्षातून दोनदा जवळच्या केंद्रशाळेत प्रत्यक्ष भेट व्हावी. केंद्रप्रमुखांनी त्याचं वाचन आणि गणित पाहावं, आणि थोडा वेळ त्याच्याशी एकट्याशी बोलावं. मुलींच्या बाबतीत ही भेट चुकवू नये.

पाचवी, खास संस्थाचालकांना: वर्षाच्या मध्ये किती मुलं सोडून गेली, हा आकडा जाहिरातीत छापा. वर्गातल्या मोजक्या मुलांचा आकडा छापताच ना?

आणि शासनाला एक इशारा. पालकांनी निवडलेली ऑनलाइन शाळा वेगळी आणि शासनानं गळ्यात मारलेली वेगळी. कमी पटाच्या वाडीवरच्या शाळा बंद करायला, किंवा बीडहून ऊसतोडीला निघालेल्या मजुरांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहांवरचा खर्च वाचवायला या पर्यायाचा आडोसा कोणी घेऊ नये. पडद्यावर पोषण आहार शिजत नाही.

निवड पालकांची आहे, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे. पण मागे फिरता न येणारी निवड म्हणजे जुगार, आणि तो आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या नावानं खेळला जातो. या पाचपैकी कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि का, याचं लेखी उत्तर येत्या वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी जाहीर करा. उत्तर येईपर्यंत माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी एकच सांगणार आहे: परत घेण्याचं आधीच्या शाळेकडून लेखी मिळत नाही, तोवर दाखला काढू नका.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका