ट्रॅक्टर आपला, पाना कुणाच्या हातात?

सोलापूर : रब्बीची ज्वारी पेरायला जिल्ह्यात साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर एवढाच काळ मिळतो. पाऊस उघडला, रानाला वापसा आला की चार-आठ दिवसांत पेरणी उरकावी लागते. नेमक्या त्याच दिवसात ट्रॅक्टर बसला तर काय करायचं, हा प्रश्न करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत प्रत्येक गावात दरवर्षी येतो. शोरूमला फोन लावला तर नंबर लागतो, गावातला मिस्त्री दुसऱ्याच्या रानात गुंतलेला असतो आणि काळ्या रानातला ओलावा कुणासाठी थांबत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब, हायड्रॉलिक पंप, गिअर बॉक्स, ब्रेक असेंब्ली, रेडिएटर असेंब्ली अशा ठरावीक सुट्या भागांवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टर घेणं स्वस्त झालं, त्याची चर्चाही भरपूर झाली. घेतलेला ट्रॅक्टर दहा-पंधरा वर्षं चालता ठेवायचा कसा, कुणाच्या भरवशावर आणि किती खर्चात, यावर मात्र बोललं जात नाही. कर्जाचे हप्ते सहामाहीला ठरलेले असतात, दुरुस्तीचा खर्च कधी येईल ते ठरलेलं नसतं. शेतकऱ्याचं गणित बिघडतं ते इथंच.

तीन दारं

ट्रॅक्टर बिघडला की शेतकऱ्यापुढं तीन दारं असतात : कंपनीचा अधिकृत डीलर, गावचा किंवा तालुक्याचा मिस्त्री, आणि आपला हात जगन्नाथ.

डीलरकडं ओरिजिनल पार्ट मिळतो, पक्कं बिल मिळतं, वॉरंटी टिकते. पण डीलर तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी. ट्रॅक्टर तिथवर न्यायचा खर्च वेगळा, थांबायचे दिवस वेगळे. शिवाय फ्री सर्व्हिस म्हणजे सगळंच फुकट नसतं. कूपनवर साधारणपणे मजुरी माफ असते, ऑईल आणि फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. कधी पार्ट शे-दोनशेचा आणि बाकी खर्च हजारात, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मिस्त्री रात्री-अपरात्री रानात येतो, उधारीवर काम करतो, जुनं मशीन कानानं ओळखतो. अडचण दोन ठिकाणी येते. त्यानं टाकलेला पार्ट ओरिजिनल की डुप्लिकेट हे कळायला मार्ग नसतो आणि कामाची कसली पावती नसते. काम चार दिवसांत पुन्हा बिघडलं तर बोलायचं कुणाला?

तिसरं दार स्वतःचं. सगळ्यात स्वस्त हेच. पण कुठवर हात घालायचा आणि कुठं थांबायचं, हे ठाऊक असेल तरच स्वस्त.

इंजिन धुळीनं मरतं

इंजिन काम निघालं की दोष बहुतेकदा कंपनीला नाहीतर ड्रायव्हरला दिला जातो. खरं कारण अनेकदा एअर क्लीनरमध्ये असतं. नांगरट, रोटाव्हेटर, मळणी ही सगळी कामं धुरळ्यातली. एअर क्लीनरमधलं ऑईल कमी झालं, गाळानं भरलं किंवा रबरी पाईपची क्लिप सैल राहिली, की बारीक माती थेट इंजिनात जाते. ती लायनर आणि रिंगा घासते. मग इंजिन ऑईल खातं, निळसर धूर मारतं, ताकद सोडतं. शेवटी लायनर-पिस्टन बदलायची वेळ येते. पाच मिनिटांच्या कामाकडं दुर्लक्ष केल्याची किंमत हजारो रुपयांत मोजावी लागते.

म्हणूनच ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत देखभाल तासांवर दिलेली असते. रोज, म्हणजे ८ ते १० तास कामानंतर, इंजिन ऑईलची पातळी, रेडिएटरचं पाणी आणि एअर क्लीनर बघायचा, डिझेल फिल्टरच्या वाटीत साचलेलं पाणी सोडायचं, ग्रीस मारायचं. ५० ते ६० तासांनी पंख्याचा पट्टा, बॅटरीचं पाणी, क्लच आणि ब्रेक पॅडलचा मोकळा खेळ तपासायचा. अनेक मॉडेलमध्ये २५० तासांनी इंजिन ऑईल आणि फिल्टर बदलायचा असतो. नेमके तास मॉडेलनुसार बदलतात, त्यामुळं आपल्याच पुस्तिकेतला तक्ता धरायचा. वर्षाला ७५० तास चालणाऱ्या ट्रॅक्टरची ही ऑईल बदली तीनदा येते. तासमापी बंद पडलेली असेल तर हा हिशोबच राहत नाही, आणि अनेक जुन्या ट्रॅक्टरची तासमापी बंदच असते.

यातलं एकही काम शोरूमवाचून अडत नाही. त्याला चांगल्या पान्यांचा संच, ग्रीस गन, टायरची हवा मोजायचं गेज आणि एक वही लागते. वहीत तारीख, तास, काय बदललं, कुठून आणलं, किती पैसे दिले, एवढं लिहिलं तरी पुरे. उद्या ट्रॅक्टर विकायची वेळ आली तर ही वही दाखवून चार पैसे जास्त मिळू शकतात.

कुठं हात घालू नये

उलट बाजूही तितकीच खरी. डिझेल पंपाचं सील तोडून ताकद वाढवायचा उद्योग ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चालतो. त्यानं डिझेल जास्त जातं, इंजिन तापतं आणि वॉरंटीचा विषय तिथंच संपतो. पंप आणि नोझलचं काम टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच व्हावं. गिअर बॉक्स, हायड्रॉलिक लिफ्टचं आतलं काम, ट्रॅक्टर मधून फोडून क्लचप्लेट बदलणं हीही कामं बांधावर करायची नव्हेत.

जिवाचा प्रश्नही आहे. रोटाव्हेटरची पाती बदलताना तो नुसत्या लिफ्टवर उचलून खाली शिरणं, पीटीओ चालू ठेवून गुंतलेलं गवत काढणं, गरम रेडिएटरचं झाकण उघडणं, यानं माणसं कायमची जायबंदी होतात. इंजिन बंद, पीटीओ बंद, अवजार जमिनीवर किंवा भक्कम ठोकळ्यावर, चाकाला उटी, आणि मगच हात घालायचा. ट्रॅक्टर ज्याच्या हातात आहे त्या प्रत्येकाला, पोराला आणि ड्रायव्हरलाही, हे आधी शिकवलं पाहिजे.

नव्या ट्रॅक्टरचं नवं कोडं

आतापर्यंतचा हिशोब जुन्या बनावटीच्या इंजिनाचा झाला. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. ते पाळण्यासाठी या ट्रॅक्टरमध्ये कॉमन रेल इंजिन, सेन्सर आणि ईसीयू म्हणजे छोटा संगणक आला. धूर कमी झाला, डिझेलचं मोजमाप नेमकं झालं. पण गावातल्या मिस्त्रीचा पाना तिथं थांबला. डॅशबोर्डवर दिवा लागला तर कशासाठी लागला हे सांगणारं यंत्र आणि सॉफ्टवेअर डीलरकडं असतं.

जुन्या इंजिनात हवा पकडली तर शेतकरी स्वतः नट सैल करून, हात पंप मारून ती काढायचा. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. चालू इंजिनवर तो पाईप सैल केला तर डिझेलची धार कातडीत घुसू शकते. म्हणजे इथं जुनं ज्ञान नुसतं अपुरं नाही, ते धोक्याचं ठरू शकतं. पुढच्या टप्प्यात लहान ट्रॅक्टरही या निकषांखाली येणार, ही दिशा ठरलेली आहे. तोवर गावागावांतल्या मिस्त्रींना कुणी शिकवलं नाही, तर तीन दारांपैकी दोन बंद होतील.

दुरुस्तीचा हक्क

दिल्लीत याची दखल घेतली गेली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. पहिल्या चार क्षेत्रांत शेती अवजारं होती. मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही बाकीची तीन. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, पार्टची माहिती आणि वॉरंटीच्या अटी तिथं खुल्या कराव्यात ही अपेक्षा. पण पोर्टल वेगळं आणि बंधन घालणारा कायदा वेगळा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं २०२३ मध्ये शेती यंत्रांसाठी असा कायदा केला. पार्ट, पुस्तिका आणि तपासणीची साधनं शेतकऱ्याला आणि स्वतंत्र मेकॅनिकला देणं तिथं कंपन्यांवर बंधनकारक आहे.

आपल्याकडं मोटारींच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ मध्येच १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणी यंत्रं खुल्या बाजारात न देता अधिकृत डीलरपुरती ठेवल्याचा ठपका होता. प्रकरण पुढं अपिलात गेलं, पण मुद्दा नोंदला गेला : गाडी विकल्यावरही दुरुस्तीची चावी कंपनीनं आपल्याकडंच ठेवणं योग्य नाही. कारवाल्यासाठी जो न्याय, तो ट्रॅक्टरवाल्यालाही मिळायला हवा.

वॉरंटीची मेख

वॉरंटी वर्षांत असते तशीच तासांतही असते आणि यातलं जे आधी संपेल तिथं ती संपते. ऊस हंगामात कारखान्यावर रात्रंदिवस धावणाऱ्या ट्रॅक्टरचे तास वर्षांच्या कितीतरी आधी संपतात. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ही अट खरेदीआधीच वाचायला हवी.

वॉरंटीच्या काळात ठरलेल्या तासांची सर्व्हिस डीलरकडंच करून कूपनवर शिक्का घ्यावा. रोजची देखभाल घरी केल्यानं वॉरंटी जात नाही, पुस्तिकाच ती मालकाला करायला सांगते. प्रत्येक कामाचं बिल मागून घ्यावं. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात ५ टक्क्यांच्या यादीतल्या पार्टला जुनाच १८ टक्के कर लावलेला नाही ना, हेही बघावं. मजुरीवर आणि इंजिन ऑईलवर मात्र १८ टक्केच आहे.

तक्रार ऐकून घेतली जात नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचं प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात चालतं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतःच्या कष्टानं चालवायला घेतलेलं यंत्र या कायद्यात ग्राहकाचंच धरलं जातं. पाच-सहा ट्रॅक्टर ड्रायव्हरांवर चालवणाऱ्या ठेकेदाराला मात्र 'व्यापारी वापर' हा मुद्दा आडवा येऊ शकतो.

पुरानं शिकवलेला धडा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचा पूर माढा, मोहोळ, करमाळ्याच्या गावांत शिरला. पाण्यात बुडालेल्या ट्रॅक्टरची पहिली चूक एकच असते : पाणी ओसरताच चावी फिरवणं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचू शकणारं इंजिन जातं. आधी बॅटरी सोडवायची, मग फोटो काढून विमा कंपनीला कळवायचं. पाहणी झाल्यावर इंजिन ऑईल, गिअर-हायड्रॉलिकचं ऑईल आणि डिझेल पूर्ण सोडायचं, एअर क्लीनर साफ करायचा आणि मेकॅनिकनं तपासल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. एकाच वेळी शेकडो यंत्रं बिघडतात तेव्हा डीलर असो की मिस्त्री, कुणीच पुरं पडत नाही. अशा वेळी मालकाला एवढं माहीत असलं तर अर्धं नुकसान टळतं.

पैसा खरेदीला, शिकवण कुणाला?

कृषी यांत्रिकीकरणाची केंद्राची योजना २०१४-१५ पासून चालू आहे, महाडीबीटीवर ट्रॅक्टर-अवजारांचे अर्ज भरले जातात. अनुदानाचा भर खरेदीवर आहे. अनुदानातून घेतलेला रोटाव्हेटर वेळेवर ऑईल न बदलल्यानं दोन हंगामांत बसला, तर तो पैसा शेतकऱ्याचाही गेला आणि सरकारचाही.

शिकवायची सोय अगदीच नाही असं नाही. मध्य प्रदेशात बुदनीला १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था आहे. आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. सोलापूर आणि मोहोळला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. पण बुदनी लांब आहे आणि ज्याच्या हातात रोजचं काम आहे तो मिस्त्री वर्षभर दुकान बंद ठेवून आयटीआयला बसू शकत नाही. त्याला दोन-चार दिवसांचं नव्या इंजिनांचं शिक्षण तालुक्याला मिळालं पाहिजे. शेतकऱ्याला हंगामाआधी एक दिवसाचं देखभाल शिबिर गावात मिळालं पाहिजे. ट्रॅक्टर देताना डीलरनं मराठी पुस्तिका हातात ठेवून एअर क्लीनर उघडून दाखवला पाहिजे, नुसता हार घालून फोटो काढून भागत नाही. अवजार बँक चालवणारे गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या मिळून एक तपासणी यंत्र आणि एक शिकलेला मेकॅनिक ठेवू शकतात. एकट्याला न परवडणारं दहा गावांना मिळून परवडतं.

मिस्त्रीला 'गरज सरो, वैद्य मरो' या न्यायानं वागवून चालणार नाही, कारण तो संपला तर वापशाच्या दिवशी रानात येणारं दुसरं कुणी नाही. डीलरला टाळूनही भागणार नाही, नव्या ट्रॅक्टरचा संगणक त्याच्याचकडं उघडतो. आणि रोजचं तेल-पाणी मालकावाचून दुसरं कुणी करणार नाही. कुठलं काम कुणाचं याची वाटणी आज मोडली आहे. ती नीट लागेपर्यंत ज्याच्या सातबाऱ्यावर बोजा आहे, त्यानं निदान पुस्तिका आणि ग्रीस गन तरी दुसऱ्याच्या हाती सोपवू नये.