मृत्यूंची मोजदाद आणि सत्तेची अडचण

प्राणवायूच्या तुटवड्यामुळे मृत्यू झाल्याचे राज्यांनी स्वतंत्रपणे कळविलेले नाही, असे उत्तर केंद्र सरकारने २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत दिले. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होते. प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

अशा वेळी साथरोगशास्त्र ‘अतिरिक्त मृत्यू’ मोजते. एरवी अपेक्षित असलेल्यांपेक्षा प्रत्यक्षात किती अधिक माणसे दगावली, एवढेच ते पाहते. चाचणी झाली का, दाखल्यावर कारण काय लिहिले, यावर हे माप अवलंबून नसते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतासाठी २०२० व २०२१ या दोन वर्षांचा हा आकडा सुमारे ४७ लाख सांगितला. सरकारी नोंद ४.८१ लाखांची होती. केंद्राने गणिती प्रारूपावर आक्षेप घेतला. आक्षेप गैर नव्हता. परंतु त्याला स्वतःच्या आकडेवारीचे बळ हवे होते. २०२१ चा नागरी नोंदणी अहवाल आला तो मे २०२५ मध्ये. त्यात नोंदलेले मृत्यू १.०२ कोटी, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा सुमारे २१ लाखांनी अधिक. नोंदणी सुधारल्याचे कारण काही अंशी मान्य करता येईल; सारी वाढ त्या खाती टाकता येणार नाही.

चार वर्षे उशिरा आलेला आकडा इतिहासाच्या कामी येतो, उत्तरदायित्वाच्या नव्हे. तो वेळेत मागणे हे संसदेचेच काम आहे.