बीपी आईचा, फोन लेकाचा

आमच्या बचत गटात पाटण तालुक्यातल्या एक मावशी आहेत. साठी उलटलेली, पण कामाला वाघ! दोन वर्षांपूर्वी गावातल्या शिबिरात त्यांचा बीपी तपासला, तर वरचा आकडा 170 निघाला. गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांनी मावशींनी ती आपणहून बंदही केली. का? तर म्हणे, "आता बरं वाटतंया की! उगं कशाला गोळ्या खायाच्या?"

दवाखान्यातून आठवणीचे फोन गेले होते. एक नाही, चांगले तीन. पण ते वाजले कुठे? वाशीच्या मार्केटात, त्यांच्या लेकाच्या खिशात! केसपेपरवर नंबर त्याचाच होता ना. पोती वाहून दमलेला पोरगा, "सांगतो" म्हणाला आणि रात्रीपर्यंत विसरला. पुढे मावशींना लकव्याचा झटका आला. आता डावा हात साथ देत नाही.

तेव्हापासून कुणी "मोबाइलमुळे बीपी आटोक्यात ठेवता येतो" असं म्हटलं, की मी आधी विचारते, कुणाच्या मोबाइलमुळे?

मैत्रिणींनो, हे काम आपल्या दारातच सुरू झालंय. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राचं आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम हाती घेतला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले 25 जिल्हे होते. महाराष्ट्रातले चार, त्यात आपला सातारा. (बाकीचे सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा.) ठरलेल्या मोजक्या गोळ्या, एका वेळी महिन्याभराचं औषध आणि प्रत्येक पेशंटची नोंद, अशी साधी पद्धत. नोंदीसाठी 'सिंपल' नावाचं अ‍ॅप आलं. ते पेशंटच्या नाही, सिस्टरच्या फोनमध्ये असतं. पेशंटच्या कार्डावरचा कोड फोनसमोर धरला, की मागचा बीपी, गोळ्या, पुढची तारीख सगळं समोर. तारीख उलटूनही जे आले नाहीत त्यांची यादी अ‍ॅप काढून देतं आणि सिस्टर तिथूनच फोन लावते.

याचा उपयोग होतो का? या उपक्रमातल्या 24 केंद्रांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. नाव नोंदवताना साधारण 26 टक्के लोकांचा बीपी आटोक्यात होता, तो आकडा पाठपुराव्यानंतर 60 टक्क्यांच्या घरात गेला. अर्थात हे एकट्या फोनचं श्रेय नव्हे. गोळ्या वेळेवर आणि फुकट मिळाल्या, हे मोठं कारण. आपल्या राज्यात तर 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार मोफतच आहेत.

पण नुसत्या मेसेजवर माझा फारसा भरवसा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये तेराशेहून जास्त पेशंटवर हा प्रयोग झाला. 2016 मध्ये निष्कर्ष आले. वर्षभर मेसेज पाठवून बीपी उतरला तो जेमतेम दोन-एक आकड्यांनी. मला यात नवल वाटत नाही. मेसेज विसरलेल्याला आठवण करून देतो. आपल्या बायका विसरलेल्या असतात कुठे? माझं माहेर तासगावकडचं. द्राक्षं काढणीला आली, की तिथल्या बायकांना दवाखान्याची तारीख पाठ असते, पण त्या दिवसाची हजेरी बुडवणं परवडत नाही. एकीनं मला तोंडावर सांगितलं, "वैनी, गोळी उद्या बी मिळंल, हजेरी मिळायची न्हाई." यावर मेसेज काय उत्तर देणार? सिस्टरचा फोन मात्र देतो. "बरं, संध्याकाळी आशाताईंकडं गोळ्या ठेवते, येताना घेऊन जा," एवढं माणूसच बोलू शकतं.

आणि फोन हातात असेल तर ना! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका देशात 54 टक्के निघाल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांचा निरोप नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या फोनवर. त्याच पाहणीत दर पाच बायकांमागे एकीला बीपी किंवा त्याची गोळी चालू. पाहणी 15 वर्षांपुढच्या सगळ्यांची होती, त्यामुळे "हे म्हातारपणाचं दुखणं" म्हणून बाजूला बसता येत नाही. शिवाय बीपी दुखत नाही, खुपत नाही. 140/90 च्या वर गेला तरी आपण भाकऱ्या थापतच असतो. म्हणूनच मावशींना "बरं" वाटत होतं.

अलीकडे आणखी एक नवं खूळ. टेप केलेला आवाज फोन करतो. आमच्या बायकांना तो कंपनीचा वाटतो, त्या लगेच कापतात. फसवणुकीच्या बातम्या ऐकून घरातली पोरंही बजावतात, "आई, अनोळखी नंबर उचलू नकोस." त्यांचंही बरोबरच आहे! म्हणून मी गटात सांगते, केंद्राचा नंबर 'दवाखाना' नावानं घरातल्या फोनमध्ये घालून घ्या. केसपेपरवर लेकाचा नंबर असू दे, पण दिवसभर जी घरात तुमच्याबरोबर असते तिचाही लिहायला लावा. सून, लेक, शेजारीण, कुणीही. सिस्टर "एकच नंबर बसतो" म्हणाली, तर लेकाचा काढायला सांगा. त्याला राग येईल, येऊ दे.

मावशींच्या केसपेपरवर आता सुनेचा नंबर आहे. मागच्या महिन्यात तिचा रिचार्ज संपला होता, आठ दिवस फोन बंद. गटाच्या शिलकीतून तो आम्ही मारून दिला. हिशेबाच्या वहीत तो खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, यावर मात्र अजून वाद चालू आहे.