सही व्यवस्थापकाची नको

वृद्धाश्रमात आरोग्य-संशोधन म्हटले की दोन सूर निघतात. एक म्हणतो, थकल्या जिवांना कशाला छळता, वगळा त्यांना. दुसरा म्हणतो, सगळे एका छपराखाली सापडतात, व्यवस्थापकाची सही घ्या आणि कामाला लागा. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात तर हे दोन्ही घातक.

वगळणे म्हणजे संरक्षण, हा समज वगळणाऱ्याच्याच सोयीचा. ज्येष्ठांची ‘लासी’ ही देशव्यापी पाहणी 2017-18 मध्ये झाली ती घरोघर, वृद्धाश्रम बाहेरच. 2023 च्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेतली तपासणी चाळिशीपर्यंतच्यांची. आजार आनुवंशिक, त्यामुळे पुढच्या पिढीचा विचार करता ती मर्यादा समजते. पण सातपुड्यातल्या सत्तरीच्या माणसाला हा आजार काय करतो, हे विचारायचे कुणी? आदिवासींचे म्हातारे घरीच असतात म्हणावे, तर पोरे ऊसतोडीला गुजरातेत; मग त्यांना सांभाळणार कोण?

दुसऱ्या सुराला उत्तर तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सापडते. तिथे मुलींवर झालेल्या एचपीव्ही लसीच्या अभ्यासावर संसदीय समितीने 2013 मध्ये अहवाल दिला. 9,543 संमतीपत्रांपैकी 2,763 वर सह्या होत्या वसतिगृह-प्रमुखांच्या! ज्याच्या हातून जेवण-अंथरूण मिळते त्याच्यापुढे ‘नाही’ म्हणण्याची हिंमत त्या मुलींना नव्हती, आश्रमातल्या आजीलाही नसते. व्यवस्थापकाने फार तर फाटक उघडावे. निरक्षराचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार हवा, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. आश्रमाचा कर्मचारी निःपक्ष कसा?

खरी अडचण पुढेच आहे. स्मृती तपासण्याची 1975 ची प्रसिद्ध चाचणी तारीख विचारते, एक वाक्य लिहायला लावते. धडगावकडची पावरी बोलणारी आजी बाजाराच्या वाराने आठवडा मोजते, भोंगऱ्या-होळीच्या सणांनी वर्ष. आधारवरची तिची जन्मतारीखही कुणीतरी अंदाजे टाकलेली. ती शाळेत गेली नाही एवढेच या चाचणीतून कळेल, आणि कागदावर मात्र ‘स्मृतिभ्रंश’ उमटेल. हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत चाचणी नव्याने बांधली गेली. पावरी, भिलोरी, अहिराणीत ते काम कुणी करायचे?

शिवाय कालचा होकार आज आठवेलच असे नाही. म्हणून दर भेटीत पुन्हा विचारावे; आजीने तोंड फिरवले तर तो नकारच धरावा. यात वेळ जाईल, पैसा जाईल. तो संशोधनाच्या अर्जातच मागावा. आणि आजीची बोली समजणारा निदान एक माणूस नैतिकता समितीत बसल्याशिवाय त्या अर्जावर चर्चाही होऊ नये.