चांदेलचे पाणी आणि पर्वरीचा प्रश्नोत्तर तास

चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प उन्हाळ्यात किती दिवस बंद राहिला, अमुक वाड्यावरची कदंबची सकाळची बस का तुटली, आरोग्य केंद्रात रात्रीचा डॉक्टर आहे की नाही, अशा धाटणीचे प्रश्न पेडणे आणि डिचोली तालुक्यांतले आमदार पर्वरी इथल्या गोवा विधानसभेत विचारतात, तेव्हा त्यांवर नाक मुरडणारे पुष्कळ असतात. त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा : नळ, गटार आणि बस हे पंचायतीचे विषय आहेत, कायदे करणाऱ्या सभागृहाने त्यांत वेळ घालवू नये. शिवाय प्रश्न विचारणे हे विरोधकांचे काम आहे, सत्तेबरोबरच्या आमदाराने मंत्र्याच्या केबिनमध्ये जाऊन काम करून आणावे. आणि एवढे करून हाती लागते ते एक आश्वासन. ही तिन्ही विधाने वरवर शहाणपणाची वाटतात. गोव्याच्या कारभाराची घडण पाहिली की त्यांतले एकही टिकत नाही.

पंचायतीचा मुद्दा आधी घ्यावा, कारण तो सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कच्चा आहे. गोवा पंचायत राज कायदा 1994 चा. त्याने पंचायतींच्या पदरात घरबांधणीचे परवाने, लहान गटारे, कचरा, वाड्यावरच्या वाटा अशी कामे पडली. पण घरात येणारे पाणी सार्वजनिक बांधकाम खात्याचे राहिले आणि अलीकडे त्यासाठी वेगळे पेयजल खाते निघाले. वीज तर थेट सरकारच्या वीज खात्याची आहे. महाराष्ट्रात महावितरण ही कंपनी आहे, गोव्यात विजेचे बिल सरकारच पाठवते. बस कदंब महामंडळाची, तेही 1980 मध्ये सरकारनेच काढलेले. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत (गोमेकॉ) सगळे दवाखाने आरोग्य खात्याच्या छत्राखाली. म्हणजे पार्से किंवा मये गावच्या सरपंचाकडे नळाची तक्रार नेली, तर तोही बिचारा सहायक अभियंत्यालाच फोन लावणार. ज्याच्या हातात पाण्याची चावी नाही त्याला पाण्याचा जाब विचारा, असा सल्ला देणाऱ्यांनी गोव्याचा कारभार पुस्तकात वाचलेला दिसतो.

चाळीस आमदारांच्या या सभागृहात एका मतदारसंघात सरासरी 29 हजारांच्या आसपास मतदार असतात. महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या वर जातो. त्यामुळे मांद्रे किंवा मयेच्या आमदाराला कोणत्या वाड्यावर टँकर येतो हे ठाऊक नसेल, तर दोष मतदारसंघाच्या आकाराचा नसतो. इतक्या लहान राज्यात धोरण आणि नळ यांत फार अंतरही नसते. तिळारीचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.

तिळारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प, 1990 च्या करारातला. धरण दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यात. खर्चाचा आणि पाण्याचा मोठा वाटा, 73.30 टक्के, गोव्याचा. कालवे सह्याद्रीच्या पायथ्याने उतरत पेडणे, डिचोली आणि बार्देशकडे येतात. चांदेलचा दिवसाला दीड कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प पेडणे तालुक्याला पाणी पुरवतो आणि कच्च्या पाण्यासाठी बऱ्याच अंशी या कालव्याकडे पाहतो. कालवा फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद झाला की कळणा नदीतून पंपाने पाणी उचलण्याची धावपळ सुरू होते. बार्देशच्या सीमेवरच्या अस्नोडा प्रकल्पाचीही तीच कथा. त्याला अडीअडचणीत डिचोली तालुक्यातल्या आमठाणे धरणाचा आधार. कालव्याला भगदाड पडण्याचे प्रकार एकदा नव्हे, अनेकदा घडले आहेत, आणि भगदाड दुसऱ्या राज्याच्या हद्दीत पडले तर गोव्याच्या अभियंत्याला सावंतवाडीकडे डोळे लावून बसावे लागते.

आता हरमलच्या गृहिणीच्या कोरड्या नळाचा प्रश्न सभागृहात आला, तर त्याच्या मागे काय काय उभे राहते ते पाहावे. आंतरराज्य करार, त्याचे नियंत्रण मंडळ, कालव्याच्या देखभालीचा खर्च, पर्यायी उद्भव, साठवण टाक्यांची क्षमता, आणि किनाऱ्यावर वाढलेल्या हॉटेलांची व वसाहतींची तहान. यातले पंचायतीच्या कक्षेत काय बसते? या साखळीचे पहिले टोक विधानसभेखेरीज दुसरीकडे कुठे पकडताच येत नाही.

याच नळाने सरकारी आकड्यांची परीक्षाही होते. ऑगस्ट 2022 मध्ये गोवा ‘हर घर जल’ प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य ठरले. ग्रामीण भागातल्या सुमारे 2.63 लाख घरांना नळजोडणी मिळाल्याचे जाहीर झाले. ही कामगिरी खोटी नाही, तिची थट्टा करण्याचेही कारण नाही. फक्त जोडणी म्हणजे पाणी नव्हे. जोडणी मोजता येते, पाणी तासांत मोजावे लागते, आणि तास दिल्लीच्या तक्त्यात नसतात. ते विचारणारा कोणीतरी लागतो, आणि तो त्या गावचा असला तर मंत्र्याला उडवाउडवी करणे जड जाते.

तुये येथील रुग्णालयाचा विषयही असाच ‘स्थानिक’ म्हणून बाजूला सारला जात असे. लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री असताना, म्हणजे 2014 ते 2017 च्या काळात, मांद्रे मतदारसंघात मोठ्या रुग्णालयाचे काम हाती घेतले गेले. इमारत उभी राहिली, पण तीत पूर्ण क्षमतेची सेवा सुरू होण्याची वाट पेडणेकरांनी वर्षानुवर्षे पाहिली. ते गोमेकॉशी जोडावे ही मागणी घेऊन लोक रस्त्यावरही आले. दरम्यान 11 डिसेंबर 2022 या एकाच दिवशी पेडणे तालुक्यातल्या दोन मोठ्या वास्तूंचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले : मोपचा विमानतळ आणि धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था. तालुक्यातून परदेशी उडता येऊ लागले, पण रात्री छातीत कळ आलेल्या माणसाला म्हापसा किंवा बांबोळीच गाठावी लागते. हा विरोधाभास कोणत्याही अर्थसंकल्पी भाषणात सापडणार नाही. किती खाटा, किती विशेषज्ञ, किती पदे मंजूर आणि किती भरली, हे विचारल्यावरच तो कागदावर येतो.

सत्तेबरोबरच्या आमदाराने गप्प बसावे, हा आक्षेप पेडणे-डिचोलीला विशेष लागू पडतो. 2022 मध्ये निवडून आलेल्या आठव्या विधानसभेत या भागातले पाचही मतदारसंघ सत्तापक्षाच्या किंवा त्याच्या पाठीराख्यांच्या हाती आले. पेडण्यात प्रवीण आर्लेकर, मयेत प्रेमेंद्र शेट आणि साखळीत स्वतः मुख्यमंत्री प्रमोद सावंत हे भाजपचे, मांद्रेचे जीत आरोलकर मगो पक्षाचे, डिचोलीचे डॉ. चंद्रकांत शेट्ये अपक्ष, पण सरकारच्या बाजूचे. त्याच वर्षी सप्टेंबरात काँग्रेसच्या 11 पैकी 8 आमदारांनी भाजपची वाट धरली आणि विरोधी बाकांवर सात जण उरले. ते कुंकळ्ळी, केपे, हळदोणे, बाणावली, वेळ्ळी, फातोर्डा आणि सांत आंद्रे इथले. प्रश्न फक्त विरोधकांनी विचारायचा असे ठरले, तर या दोन तालुक्यांची विचारपूस परक्या मतदारसंघांच्या दयेवर राहील.

त्यातही मंत्री प्रश्न विचारू शकत नाही. राज्यघटनेच्या 164 व्या कलमाप्रमाणे मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, पण लहान राज्यांना किमान बारा मंत्र्यांची मुभा आहे. चाळिसांत पंधरा टक्के म्हणजे सहा. मुभेने ते बारा होतात. सभापती वेगळे. महामंडळांच्या अध्यक्षपदांवर बसलेले आमदार तर मोजण्यातच अर्थ नाही. उरलेल्यांपैकी सत्तापक्षाच्या आमदाराने तोंड मिटले, तर मंत्रिमंडळाचे विधानसभेला असलेले सामूहिक उत्तरदायित्व नुसते कलमात राहते. सत्तापक्षाच्या सदस्याने सरकारला धारेवर धरणे हा काही बंडखोरपणा नाही. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा प्रकरणाची लोकसभेत चिरफाड करणारे फिरोज गांधी काँग्रेसचेच खासदार होते, आणि त्यातून अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना 1958 मध्ये पद सोडावे लागले.

केबिनमध्ये काम होते, हे मात्र खरे. एक बोअरवेल, एक बदली, एक ट्रान्सफॉर्मर असे मागून आणता येते. पण केबिनमधल्या ‘होय’ला तारीख नसते, साक्षीदार नसतो, आणि मंत्री बदलला की ते वाऱ्यावर जाते. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून उत्तर द्यावे लागते, त्यावर पुरवणी प्रश्न येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते. दोन्ही कामकाजाच्या नोंदीत जातात. दिलेले आश्वासन आश्वासन समितीच्या वहीत चढते, आणि जाणूनबुजून खोटे उत्तर दिले तर हक्कभंगाचा रस्ता मोकळा असतो. माहितीच्या अधिकारामुळे आता हे सारे अनावश्यक झाले, असेही कोणी म्हणतात. गोव्याने स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा 1997 मध्येच केला होता, केंद्राच्या 2005 च्या कायद्याआधी. पण माहिती अधिकाराचा अर्ज दप्तरात असलेला कागद देतो, कागदामागचे कारण देत नाही. माहिती अधिकाऱ्याला ‘का’ विचारता येत नाही; मंत्र्याला येते.

प्रश्न विचारणाऱ्यांची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असे नाही. प्रश्न देऊन त्या दिवशी गैरहजर राहणारे सदस्य असतात, ठेकेदाराच्या सांगण्यावरून विचारलेले प्रश्नही असतात. डिसेंबर 2005 मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेच्या 11 सदस्यांची हकालपट्टी झाली, तेव्हा हा रोग कुठवर पोचतो ते दिसले. त्याहून नेहमीचा दोष मात्र ढिसाळपणाचा. ‘पेडणे तालुक्यात पाणीटंचाई आहे हे सरकारला माहीत आहे काय?’ असे विचारले की ‘होय, उपाययोजना चालू आहे’ एवढ्यावर मंत्री मोकळा होतो. त्यालाही कंटाळा आला असेल तर ‘माहिती गोळा केली जात आहे’ हे उत्तर तयारच असते.

डिचोलीच्या खाणपट्ट्यातला प्रश्न कसा असावा यावरून फरक कळतो. शिरगाव, मुळगाव, मये, पिळगाव या गावांनी खनिजाची धूळ खाल्ली, 2012 ची खाणबंदी सोसली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा सोसली, आणि लिलावात डिचोलीचा ब्लॉक वेदांताकडे गेल्यावर ट्रकांची रांग पुन्हा पाहिली. 2015 च्या कायदादुरुस्तीने खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. त्याच्या निधीत पिण्याचे पाणी, आरोग्य आणि शिक्षण यांना अग्रक्रम आहे. इथे ‘विकास होणार काय?’ विचारून भागत नाही. उत्तर गोव्याच्या प्रतिष्ठानात आजवर किती रक्कम जमा झाली, तीतली या चार गावांत कोणत्या कामावर किती खर्ची पडली, किती विहिरींची पातळी कोणत्या महिन्यात मोजली, आणि गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या किती फेऱ्यांची बिले कोणाला चुकती झाली, असे विचारावे लागते. उत्तर आले की पुढच्या अधिवेशनात तेच आकडे हाती धरून पुन्हा विचारावे लागते.