दहा सेकंदांत उठणारा जखमी

रविवारी सकाळी हलसूरच्या आमच्या क्वार्टरमध्ये माझा मुलगा आणि त्याचे तीन दोस्त चार मोबाइल घेऊन जमिनीवर पसरलेले असतात. एक कानडी, एक तमिळ, एक रोहतकच्या सुभेदार साहेबांचा नातू आणि एक आमचा. भाषा मात्र चौघांची एकच, बीजीएमआयची. "नॉक झालो, रिव्हाइव्ह कर, रिव्हाइव्ह!" एक पडतो, दुसरा त्याच्याजवळ जाऊन बसतो, दहाएक सेकंद जातात आणि पडलेला उठून पळायला लागतो. या खेळात रक्तही हिरवं दिसतं, लाल नको म्हणून. परवा त्यातल्या एकानं मला अगदी आदरानं सांगितलं, "अंकल, आम्ही पण तुमच्यासारखंच स्क्वॉडमध्ये लढतो."

'तुमच्यासारखंच' हा शब्द झोंबला, म्हणून हे लिहितोय. मत माझं आहे, पलटणीचं नाही.

आधी एक कबुली. खेळ बंद करा म्हणणाऱ्यांतला मी नाही. २००५ मध्ये सुट्टीवर पुण्याला आलो असताना मावसभावाच्या कॉम्प्युटरवर 'ब्रदर्स इन आर्म्स'चा पहिला भाग चार दिवस खेळलो होतो. आई म्हणाली, सुट्टीतही लढाईच का? नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकन पॅराट्रूपर्सची ती गोष्ट. एका तुकडीनं शत्रूला गोळीबारानं दाबून धरायचं, दुसरीनं बगलेतून जायचं. एकटे पुढं पळालात की मेलात. खडकवासल्याला आणि पुढं बेळगावला उस्तादांनी घसा फोडून जे शिकवलं, ते तिथं पडद्यावर दिसत होतं. मला आवडला. पण त्यातही दोन गोष्टी खटकल्या. मेलेली पोरं पुढच्या मोहिमेत परत उभी असायची. आणि तुम्ही वारंवार मेलात, तर खेळ स्वतःच विचारायचा की युद्ध न्यायानं चालत नाही, पण खेळानं चालावं, तर तुमच्या तुकडीच्या जखमा भरून देऊ का? निदान विचारायचा तरी. आपण खेळ आहोत हे त्याला ठाऊक होतं.

आता आपल्याकडची गोष्ट. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले वीस जण गेले. २ सप्टेंबरला सरकारनं पबजीवर बंदी घातली आणि दोनच दिवसांनी अक्षय कुमारनं 'फौ-जी' या देशी खेळाची घोषणा केली. खेळ बनवणारी एनकोर गेम्स ही कंपनी इथलीच, बेंगळुरूची. २६ जानेवारी २०२१ ला तो आला. पहिला भाग गलवानचा. त्यात बंदूक नाही, हातघाईच आहे, आणि हे खरंच होतं. त्या रात्री गोळी सुटली नव्हती. पण त्यातला जवान एकटाच चालत जातो, समोर येणाऱ्यांना लोळवत जातो, आणि जखमी झाला की शेकोटीपाशी बसतो. बसलं की जखमा भरतात.

त्याच प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी शौर्यपदकांची यादी जाहीर झाली होती. कर्नल संतोष बाबूंना मरणोत्तर महावीर चक्र. ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच यादीत वीर चक्राखाली एक नाव आहे, नाईक दीपक सिंह. हे १६ बिहारबरोबर असलेले नर्सिंग असिस्टंट. त्या रात्री स्वतः जखमी असताना त्यांनी तिसाहून जास्त जवानांवर उपचार केले आणि मग ते गेले. एकाच सुमारास देशासमोर गलवानच्या दोन कथा आल्या. एकीत शेकोटी, दुसरीत दीपक सिंह. पोरांना कुठली पाठ आहे ते तुम्हीच घरी विचारून बघा.

हे सांगितलं की लोक म्हणतात, साहेब, खेळच आहे तो. मान्य. बुद्धिबळातही जखमी नसतात. पण बुद्धिबळातला घोडा गलवानला जाऊन आलो म्हणून सांगत नाही. नाव आमचं, वर्दी आमची, दरी आमची घेतली, तर मग थोडी देणीही घ्यावी लागतात. उत्पन्नातले वीस टक्के 'भारत के वीर'ला देऊ असं त्यांनी जाहीर केलं होतं. चांगलंच काम, पण तो निधी सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय दलांसाठी आहे. गलवानचे वीसही जण लष्कराचे होते आणि लष्कराचा निधी वेगळा आहे. ज्यांच्या नावानं खेळ विकायचा, ते कोणत्या खात्यातले एवढं तरी बघायला हवं होतं.

अमेरिकन लष्करानं २००२ मध्ये 'अमेरिकाज आर्मी' नावाचा खेळ स्वतःच काढला आणि तो भरतीसाठी आहे हे उघड सांगितलं. जाहिरात म्हणून केलेली जाहिरात. तिच्याबद्दल माझी तक्रार कमी आहे. आणि 'खेळच आहे' हे आपल्याकडं मोठ्यांना तरी कुठं कळतं? २०२१ मध्ये पंजशीरमधला हवाई हल्ला म्हणून आपल्या वाहिन्यांनी 'आर्मा ३' या खेळातली दृश्यं दाखवली होती.

मला राग येतो तो जखमी गाळल्याचा. सेक्शन म्हणजे दहा जण. त्यातला एक पडला की नऊ उरतात असं बाहेरच्याला वाटतं. चौघं त्याला उचलणार, दोघं त्यांच्यावर लक्ष ठेवणार, आणि लढायला उरतात तीन. सत्तर किलोचा जवान, वर जॅकेट, हेल्मेट, रायफल, गोळ्या. नव्वदच्या पुढं गेला. डोंगरात, रात्री, ओल्या दगडांवरून. ट्रेनिंगमध्ये शेवटच्या टप्प्यावर, सगळे मोडलेले असताना, उस्ताद कोणाकडं तरी बोट दाखवून म्हणायचा, "ये गया, उठाओ." तेव्हा मी त्याला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या इथं छापता येणार नाहीत. त्या आज मागं घेतो. कमांडरचे निम्मे निर्णय या एका वजनावर होतात: पुढं जायचं की थांबायचं, कोणाला पाठवायचं, कोणाला नाही. हे वजन काढून टाकलं की उरतं ते नुसतं नेम धरणं.

तर त्या रविवारी मी पोरांना मोबाइल ठेवायला लावले. जुनी कांबळ, दोन बांबू. सर्वांत हलका पोरगा वर, बाकी तिघं आणि मी खाली. क्वार्टरपासून मैदानाच्या फाटकापर्यंत, फार तर तीनशे मीटर. चार वेळा टेकवलं. एकदा कांबळीतला पोरगा घसरून पडला आणि खरंच त्याचं कोपर सोललं. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, हे बोअर आहे." रोहतकवाला मात्र घाम पुसत विचारत होता, "अंकल, तेवढ्यात कोणी फायर केलं तर आम्ही काय करायचं? हात तर अडकलेत." वीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका प्रश्न मला फार थोड्या कॅडेट्सनी विचारलाय.

असा खेळ कोण खेळणार, असं म्हणू नका. त्याच 'आर्मा ३'मध्ये २०१७ साली रेडक्रॉसच्या मदतीनं 'लॉज ऑफ वॉर' नावाचा भाग निघाला. त्यात तुम्ही युद्धानंतर सुरुंग काढणारा माणूस असता. लोकांनी पैसे देऊन घेतला, खेळला.

बेंगळुरूत खेळ बनवणारी हुशार पोरं पोत्यानं आहेत. संध्याकाळचं ट्रॅफिक नसेल तर माझ्या क्वार्टरपासून अर्ध्या तासावर. त्यांनी सेक्शन दहाचा ठेवावा, नर्सिंग असिस्टंट खेळता यावा, उचललेल्या माणसाचं वजन बोटांना जाणवावं, आणि पडलेला पुढच्या फेरीत परत येऊ नये. सल्ला मी फुकट देईन. वरून परवानगी काढावी लागेल. तो अर्ज कोणत्या फायलीत जातो, ते उद्या हेडक्लार्कला विचारतो.